चर्चमधलं लग्न आपलंसं कसं करावं?

प्रश्न: मे महिन्यात आमच्या गावच्या चर्चमध्ये माझं लग्न आहे. सगळ्यांची लग्नं सारखीच वाटतात हो ताई, आमचं थोडं आमचं वाटावं म्हणून काय करता येईल? शपथ स्वतः लिहिली तर चालते का?

उत्तर: अगं, आधी पाळकसाहेबांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना भेट, पत्रिका छापायच्या आधी, कारण बऱ्याच मंडळ्यांत, म्हणजे चर्चांत, लग्नाची घोषणा तीन रविवार वाचतात आन् ते राहून गेलं की तारीखच हलते. शपथेचे मूळ शब्द बदलू नको, ते मंडळीचे आहेत. पण अंगठी घालायच्या आधी दोन वाक्यं तुझी स्वतःची बोलायला बहुतेक पाळक हो म्हणतात. बायबल वाचनाला सगळे १ करिंथ १३ हा प्रेमावरचा अध्याय घेतात, छानच आहे तो, पण बायबलमधल्याच रूथच्या पुस्तकातलं १:१६ बघ ना, ते बोल सुनेने सासूला म्हटलेले आहेत, तुझ्या सासूबाईंकडूनच वाचून घे! गीतं मराठीच ठेव, पेटी-ढोलकीवर, म्हणजे मागच्या बाकावरची आजीपण गाईल, कीबोर्डवाल्याच्या इंग्रजी गाण्यावर सगळे नुसते बघत बसतात. आन् मे महिना आहे, विदर्भातलं ऊन तुला सांगायला नको, उपासना सकाळी आठलाच ठेव.