विकिपीडियावर मी लिहिलेला लेख माझा नसतो का?

आपण विचारले आहे की, आजोबांनी स्थापन केलेल्या वाचनालयावर मराठी विकिपीडियात आपण लेख लिहिला, एक अनोळखी सदस्य त्यातला मजकूर वारंवार कापतो, वर हितसंबंधाचा साचाही (लिहिणाऱ्याचे विषयाशी नाते असल्याची सूचना) लावून गेला, तर हा अधिकार त्याला कोणी दिला आणि आपले पान त्याच्यापासून कसे वाचवावे. मी नागपुरात राहतो आणि गेली काही वर्षे मराठी विकिपीडियावर संपादन करतो. ज्या दोन चुका आपल्या हातून होत आहेत असे मला वाटते, त्या दोन्ही मी स्वतः केलेल्या आहेत.

अधिकाराचे उत्तर सोपे आहे: तो आपणच दिला. बदल प्रकाशित करण्याच्या कळीजवळ जो बारीक मजकूर असतो आणि जो आपण कोणीच वाचत नाही, त्यात लेखन क्रिएटिव्ह कॉमन्सच्या मुक्त परवान्याखाली देत असल्याची संमती असते. आपल्या वाक्यांवरचा लेखक म्हणूनचा हक्क जात नाही, पानाच्या इतिहासात, म्हणजे प्रत्येक बदलाच्या नोंदीत, आपले नावही राहते. मात्र ती वाक्ये बदलण्याची, कापण्याची, दुसरीकडे वापरण्याची मुभा जगाला मिळते आणि ती परत घेता येत नाही. लेख कोणी सुरू केला, कोणी सर्वाधिक लिहिला, कोण त्या विषयाचा तज्ज्ञ आहे, यांपैकी कशानेही पानावर मालकी येत नाही.

हे मला ठाऊक असूनही मी काय केले ते सांगतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे काळी आणि पिवळी मारबत या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, सोबत बडगे नावाचे पुतळेही असतात, आणि ‘घेऊन जा गे मारबत’च्या आरोळ्यांनी इतवारी दणाणून जाते. लहानपणापासून पाहिलेल्या या मिरवणुकीविषयी मी एका लेखात तीन परिच्छेद घातले. त्यातला एक पूर्णपणे आजोबांच्या तोंडून ऐकलेल्या हकिकतीवर आधारलेला होता. दुसऱ्या दिवशी एका सदस्याने त्यापुढे ‘संदर्भ हवा’ अशी खूण केली. मी ती काढली, त्याने पुन्हा लावली, मी पुन्हा काढली. रात्री साडेअकरापर्यंत मी चार वेळा त्याचे बदल उलटवले होते आणि चौथ्या वेळी बदलाच्या सारांशात लिहिले होते, ‘ज्याने मारबत पाहिलीच नाही त्याने शिकवू नये’. इंग्रजी विकिपीडियावर चोवीस तासांत एकाच पानावर तीनपेक्षा अधिक वेळा उलटवणाऱ्याचे खाते गोठवले जाऊ शकते, म्हणजे तिथे मी त्या रात्रीच अडकलो असतो. त्या ओळींतून माझा एका पैचाही फायदा नव्हता. होता तो केवळ जिव्हाळा, आणि जिव्हाळ्याने केलेली राखण स्वतःला राखण वाटत नाही, कर्तव्य वाटते. ते वाक्य आजही इतिहासात माझ्या नावापुढे दिसते.

आपल्या बाबतीत मालकीच्या भावनेला हितसंबंधाचीही जोड आहे, आणि या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे ध्यानात घ्यावे. हितसंबंध म्हणजे लबाडी नव्हे. लेखाचा विषय आणि लिहिणारा यांच्यात नाते, नोकरी, पैसा किंवा पद यांचा धागा असणे एवढाच त्याचा अर्थ आहे, त्यामुळे साचा लागला म्हणून आपल्यावर आरोप झाला असे मानू नये. मी एका शिक्षणसंस्थेत कार्यालयात होतो तेव्हा सचिवांच्या सांगण्यावरून तिच्यावर लेख लिहिला, ‘विदर्भातील अग्रगण्य’ या शब्दांनी सुरू होणारा. पुढे कोणीतरी त्यात शिक्षकांच्या थकलेल्या वेतनाची वर्तमानपत्रात आलेली बातमी संदर्भासह जोडली. सचिवांचा फोन आला, ‘आपलंच पान आहे ना ते, काढून टाक बरं तेवढं.’ मी काढले. तासाभरात ते परत आले, आणि या वेळी चर्चा पानावर, म्हणजे लेखाला जोडलेल्या चर्चेच्या पानावर, माझ्या नोकरीबद्दल विचारणाही होती. एकदा लेख उभा राहिला की नको तो भाग वगळण्याची सोय संस्थेकडे राहत नाही, हे लेख मागणाऱ्यांना कोणी आधी सांगत नाही.

पगाराच्या कामाचा भाग म्हणून लिहिणाऱ्याला तर पर्यायच नाही. २०१४ पासून विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया या संस्थेच्या वापराच्या अटींनुसार त्याने आपण कोणासाठी आणि कोणाच्या पैशावर लिहितो हे जाहीर करावे लागते. मी केले नव्हते. मोठ्यांचेही पाय इथे घसरले आहेत: २००५ मध्ये विकिपीडियाचे संस्थापक जिमी वेल्स यांनी स्वतःवरच्या लेखात लॅरी सँगर यांच्या सहसंस्थापकपणाविषयीचा मजकूर बदलला, पानाच्या इतिहासावरून ते उघडकीला आले, आणि तसे करायला नको होते हे त्यांनी कबूल केले. आणखी एक सावधगिरी म्हणून सांगतो. पैसे द्या, आम्ही तुमचे पान सांभाळतो, असा निरोप आपल्याला आला तर उत्तर देऊ नये. २०१५ मध्ये इंग्रजी विकिपीडियाने अशा टोळीची ३८१ खाती बंद केली. ज्यांचे लेख नाकारले गेले होते त्यांनाच गाठून ती मंडळी लेख टिकवण्याचे पैसे मागत होती.

मग करावे काय? लेख संपादित करणे थांबवून चर्चा पानावर जावे आणि साध्या शब्दांत लिहावे: ‘मी या वाचनालयाच्या कार्यकारिणीवर आहे आणि संस्थापक माझे आजोबा होते. लेखातील स्थापनेचे वर्ष चुकले आहे. अमुक दैनिकाच्या अमुक तारखेच्या अंकात ते बरोबर छापले आहे. कृपया पडताळून बदल करावा.’ यात भांडण नाही, विशेषणे नाहीत, आणि जो तपासणार त्याचे काम सोपे होते. संदर्भ मात्र बाहेरचा हवा. सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका कितीही देखणी असली तरी ती वाचनालयानेच छापलेली असते. त्यापेक्षा जुन्या वर्तमानपत्रातली चार ओळींची बातमी अधिक वजनदार ठरते. आजोबांच्या आठवणी आपण स्वतंत्र पुस्तिकेत जरूर लिहाव्यात, विकिपीडिया ही त्यांची जागा नाही. निव्वळ शिवीगाळ किंवा उघड मोडतोड दिसली तर ती आपणही काढू शकता, तिथे हितसंबंध आड येत नाही.

एक अडचण मान्य करतो. मराठीत नियमित संपादक थोडे आहेत, त्यामुळे विनंती महिनाभर तशीच पडून राहू शकते. अशा वेळी चावडीवर, म्हणजे सर्व संपादकांच्या सामाईक चर्चेच्या पानावर, एकदा आठवण द्यावी. तरीही कोणी फिरकले नाही आणि बदल एका तारखेएवढाच, बाहेरच्या संदर्भाने सिद्ध होणारा असेल, तर सारांशात आपले नाते लिहून तो स्वतः करण्यात मला वैयक्तिकरीत्या गैर दिसत नाही. कौतुकाच्या एका शब्दालाही मात्र ही सवलत नाही.

आणखी एक. आपण लिहिले आहे की आपले खाते वाचनालयाच्या नावाने असून ते कार्यकारिणीतील तिघे वापरतात. सर्वांत आधी हे बंद करावे. खाते एका व्यक्तीचे असते. खात्याचे नाव बदलून घेण्याची विनंती करता येते, आणि आतापर्यंतचे आपले सर्व बदल नव्या नावाखाली तसेच राहतात. उरलेल्या दोघांनी आपापली खाती उघडून सदस्य पानावर वाचनालयाशी असलेले नाते लिहावे, नाहीतर चर्चा पानावर एकाच घरातून तीन आवाज उठले की ज्याने साचा लावला तो आणखी एक साचा शोधू लागेल.