येशूला मराठी येतं का?

ताई, सलाम.

मी मूळची मिरजेची. नर्सिंग तिथल्याच मिशन हॉस्पिटलात केलं. तीन वर्षांपूर्वी नोकरी लागून डब्लिनला आले, वर्षभरानं मिस्टर आणि मुलं आली. मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी पाच.

यंदाचं रोस्टर लागलं आणि माझ्या वाट्याला चोवीस डिसेंबरची नाइट आली. संध्याकाळी साडेसात ते सकाळी आठ. बदलून मागितली, मिळाली नाही. मागच्या वर्षी मी सुटले होते, त्यामुळे तक्रार तरी कुठल्या तोंडानं करू?

खरं दुखणं रोस्टरचं नाही. सगळ्या गावात दिवे लागलेत, दुकानांत गाणी चालू आहेत, आणि मला आतून काहीच वाटत नाही. प्रार्थनेला बसले की डोक्यात पेशंटच्या औषधांच्या वेळा फिरतात. आई फेब्रुवारीत गेली. तिच्याशिवायचा हा पहिलाच नाताळ. चर्चमधली माणसं चांगली आहेत, पण उपासना संपली की दहा मिनिटांत पार्किंग रिकामं. मराठी मंडळात गेलं तर कुणीतरी हमखास विचारतं, "अय्या, तुम्ही ख्रिश्चन? मराठी किती छान बोलता!" मिस्टर इथं आल्यापासून चर्चला येत नाहीत. भांडण वगैरे नाही, "तू जा, मी मुलांचं बघतो" म्हणतात. पंचवीसला इथं बस नसतात, म्हणून सकाळी मला आणायला तेच येणार, मुलांना झोपेतून उचलून गाडीत घालून. असला आमचा नाताळ.

परवा मुलीनं विचारलं, "आई, येशूला मराठी येतं का? की त्याच्याशी इंग्लिशमध्येच बोलायचं?" तेव्हा हसले आणि रात्री रडले.

या धावपळीत धीर कुठून आणायचा, ताई?

डब्लिनची एक मिरजकर

---

सलाम, बाई.

पत्रातला तुमचा पहिलाच शब्द वाचला आणि मी चहा बाजूला ठेवला. आमच्या नगरला ख्रिस्ती माणसं भेटली की 'सलाम'च म्हणतात. इथं लेस्टरमध्ये चोवीस वर्षांत मला हा शब्द किती वेळा ऐकू आला असेल? दोन्ही हातांची बोटं पुरतील. तेव्हा पत्राच्या पहिल्या ओळीत तुम्ही मला थोडा नाताळ देऊनच टाकलात, हे आधी नोंदवून ठेवते.

आता सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, म्हणजे लेकीचा. तिला बेधडक सांगा की हो, येतं. आणि हे लाडानं द्यायचं उत्तर नाही, त्याला पुरावा आहे. 1579 साली थॉमस स्टीफन्स नावाचा एक इंग्रज धर्मगुरू जहाजानं गोव्यात उतरला. साष्टीतल्या लोकांमध्ये राहिला, त्यांची भाषा शिकला. नव्यानं ख्रिस्ती झालेल्या लोकांची त्याच्याकडे तक्रार होती की आमची जुनी पुराणं सुटली, आता आम्ही ऐकायचं काय? म्हणून त्यानं येशूची सगळी कथा मराठी ओवीत रचली. जवळजवळ अकरा हजार ओव्या. 1616 साली गोव्यातल्याच रायतूरला ते पुराण छापलं गेलं. पुढे तीन वर्षांनी तो गोव्यातच वारला. इंग्लंडला परत गेलाच नाही.

म्हणजे बघा, इंग्रजी ज्याची मायबोली, त्या माणसानं येशूबद्दल बोलायला मराठी शिकून घेतली, आणि तीही परमुलखात, घरापासून हजारो मैल दूर राहून. तुमची लेक आज नेमकं त्याच्या उलट्या टोकाला उभी आहे. पाच वर्षांच्या मुलीला एवढा इतिहास झेपणार नाही, पण नऊ वर्षांच्या भावाला झेपेल, आणि तो बहिणीला स्वतःच्या पद्धतीनं समजावेल. मंडळातल्या त्या 'अय्या'वाल्या बाईंनाही तुम्ही हेच सांगू शकता. चिडून नाही, हातात करंजीची बशी देऊन. करंजी तोंडात असली की माणूस ऐकून घेतो.

करंजीचा विषय निघालाच आहे तर आईबद्दल बोलू. पहिल्या वर्षी आनंदी व्हायचा प्रयत्नही करू नका. आपल्याकडे नाताळाआधीचे चार रविवार आगमनकाळाचे असतात. तो काळ वाट बघण्याचा आहे, गाजावाजा करण्याचा नाही. दुकानं नोव्हेंबरातच सण सुरू करतात आणि आपल्याला वाटतं, सगळे पोचले, आपणच मागे राहिलो. अजून कुणीच पोचलेलं नसतं. ज्याला आत रिकामं वाटतंय तो आगमनकाळ सगळ्यात नीट पाळतोय, असं माझं प्रामाणिक मत आहे.

तरीही करंज्या करा. पूर्ण फराळ नको. चकली, शंकरपाळे, अनारसे या भानगडीत यंदा पडू नका. फक्त करंजी, आणि तीही एकवीसच. वाळलेलं खोबरं डब्लिनला कुठेही मिळतं. मंद आचेवर भाजा, खसखस, पिठीसाखर आणि वेलची घाला. आईचं माप मुठीचं असणार, त्यामुळे तुमची चव थोडी चुकेल. चुकू द्या. मावशी असेल तर तिला फोनवर समोर बसवा आणि तिला चुका काढू द्या. आई गेल्यावर आपल्या चुका काढणारं माणूस उरत नाही, ही केवढी मोठी उणीव आहे हे मला माझी आई गेल्यावर कळलं.

एक सावधगिरी. तळणीच्या वेळी स्वयंपाकघराचं दार लावून खिडकी उघडा. माझ्या इथल्या पहिल्या डिसेंबरात धुराचा भोंगा असा काही वाजला की शेजारचे आजोबा घरातल्या चपलांवर पळत आले. टॉवेल घेऊन त्यांनी तो भोंगा गप्प केला, आणि जळकी करंजी खाऊन म्हणाले, हे तर आमचं मिन्स पाय, फक्त तुम्ही दुमडलंय! दुसऱ्या दिवशी ते खरंच मिन्स पाय घेऊन आले. आत मनुका, मसाला, साखर. फारसं चुकत नव्हते बिचारे. त्या वर्षी चर्चमध्ये मी सगळी गाणी तोंडानं म्हटली आणि एकही आत गेलं नाही. पण ते आजोबा मात्र अजून आठवतात.

आता रोजच्या धावपळीचं. प्रार्थनेला बसलं की औषधांच्या वेळा आठवतात, असं तुम्ही लिहिलंत. मग बसू नका. तुम्ही नर्स आहात, दिवसातून किती वेळा हात धुता? साबणपाण्यानं हात नीट धुवायला जागतिक आरोग्य संघटना 40 ते 60 सेकंद सांगते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. काल मी स्वयंपाकघरात घड्याळ लावून नाताळच्या एका मराठी गाण्याचं एक कडवं म्हणून पाहिलं. अठ्ठेचाळीस सेकंद लागले. लहानपणी कॅरोलवाल्यांच्या मागून ढोलकीच्या तालावर म्हटलेलं एखादं कडवं तुम्हालाही पाठ असेलच. नळ सोडला की मनातल्या मनात ते सुरू करायचं, नळ बंद झाला की संपवायचं. वेगळा वेळ काढायचा नाही, डोळे मिटायचे नाहीत, काही वाटलं पाहिजे अशी अटही नाही. कडवं तुमच्या वतीनं प्रार्थना करेल. काही दिवस त्यालाच करू द्या.

वॉर्डात मात्र एक पथ्य पाळा. चोवीसच्या रात्री जे पेशंट घरी जाऊ शकले नाहीत, त्यातले बरेच म्हातारे असतील आणि पहाटे तीनला जागे असतील. आपण ख्रिस्ती आहोत म्हणून त्यांच्या उशाशी प्रार्थना सुरू करू नये. त्यांनी मागितली तर गोष्ट वेगळी, आणि त्यासाठी हॉस्पिटलचे चॅप्लेन, म्हणजे तिथले धर्मगुरू असतात, त्यांना कळवावं. तुम्ही फक्त विचारा, तुमच्या लहानपणी घरी चोवीसच्या रात्री काय करायचे? हा प्रश्न विचारून उशी नीट करेपर्यंत थांबा. उत्तरात बहुधा खिडकीतली मेणबत्ती येईल. मरिया आणि योसेफ यांना जागा मिळाली नव्हती, म्हणून आमच्या दारी तरी त्यांना उजेड दिसावा, अशी ती आयरिश रीत. बऱ्याच घरांत ती सगळ्यात धाकट्यानं लावायची असते.

ही रीत तुम्ही उचलाच. मेरी रॉबिन्सन 1990 साली तिथल्या राष्ट्राध्यक्ष झाल्या, तेव्हा त्यांनी आपल्या सरकारी निवासाच्या खिडकीत एक दिवा कायम तेवत ठेवला होता, देश सोडून पोटापाण्यासाठी बाहेर गेलेल्या आयरिश माणसांसाठी. घरापासून लांब गेलेल्यांची आठवण काय असते, हे त्या देशाला चांगलं कळतं. आणि वेळेचं गणितही छान जुळतंय. चोवीसला संध्याकाळी साडेसहाला, म्हणजे तुम्ही घरातून निघण्याच्या जरा आधी, मिरजेत रात्रीचे बारा वाजतील. त्या मिनिटाला धाकटीनं खिडकीत दिवा लावायचा. बॅटरीचा लावा, पडद्याजवळ खरी ज्योत नको. मिरजेत जे कुणी जागं असेल त्याला फोन लावायचा, दोन मिनिटं, जास्त नाही. मग डबा उचलायचा आणि कामाला जायचं. तुमचा नाताळ भारतीय वेळेनं सुरू झालेला असेल, रोस्टर त्याच्या मागून येईल.

येशू जन्मला त्या रात्री मेंढपाळही रात्रपाळीवरच होते, हे तुम्हाला प्रत्येक पाळकांनी ऐकवलं असेल, तेव्हा मी पुन्हा ऐकवत नाही. मला त्यांच्या कथेतला शेवट आवडतो, ज्यावर फारसं कुणी बोलत नाही. बाळ पाहून ते परत गेले. म्हणजे कामावरच गेले असणार. मेंढरं तशीच, थंडीही तशीच.

आता मिस्टर. हा भाग मी मुद्दाम मागे ठेवला.

तुम्ही लिहिलंत ते चर्चला येत नाहीत. बरं. मागे लागू नका. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी 1900 मध्ये. मधली पाच वर्षं त्या घरात काय काय झालं असेल ते आपण सगळे थोडंफार जाणतो. नवरा तर कीर्तनं आणि अभंग रचणारा, तरी बायकोला आपल्याच पावलांनी यावं लागलं. तुमच्या घरी तर विरोधसुद्धा नाही. माणूस कशानं तरी थकलाय. विचारायचं असेल तर 'येत का नाही?' असं नको, 'तिकडची कुठली गोष्ट आठवते?' असं विचारा, आणि तेही भांडी घासताना, समोर बसवून नव्हे.

पण तुमच्याच पत्रातलं एक वाक्य तुम्ही घाईत लिहून पुढे गेलात, ते मी तीनदा वाचलं. पंचवीसला सकाळी आठ वाजता, डब्लिनमध्ये सूर्य उगवायला अजून चाळीसेक मिनिटं असताना, एक माणूस झोपलेल्या दोन मुलांना कोटात गुंडाळून, गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडून तुम्हाला न्यायला येणार आहे. तुम्ही त्यापुढे लिहिलंत, 'असला आमचा नाताळ'. बाई, धीर कुठून आणायचा असं मला विचारताय, आणि तो तर हीटर लावून हॉस्पिटलच्या दाराशी उभा असणार आहे.

त्यांना एवढंच सांगून ठेवा की थर्मासमध्ये चहा आणि स्टीलच्या डब्यात चार करंज्या आणा. गाडीतच खा. पार्किंगमधून लगेच निघू नका, दहा मिनिटं बसा. मुलांना झोपेतून उठवायची गरज नाही. चर्चची सकाळची उपासना त्या दिवशी चुकली तरी चालेल, हे मी पाळकांच्या मुलीच्या अधिकारानं लिहिते. नाइट करून आलेल्या बाईनं गाडी चालवू नये, आणि स्वयंपाकही करू नये. पडदे ओढून दुपारपर्यंत झोपा.

सणाचं जेवण सहा जानेवारीला ठेवा. आयर्लंडमध्ये त्या दिवसाला बायकांचा नाताळ म्हणतात. पुरुषांनी चूल सांभाळायची आणि बायकांनी मैत्रिणींकडे जायचं, अशी जुनी पद्धत आहे. तोवर झाडही उभं असतं. मंडळातल्या त्या 'अय्या'वाल्या बाईंनाही बोलवा, दिवाळीचा फराळ त्यांनी तुम्हाला दिलाच असेल. मिस्टरांना मटण येतं का करता? येत नसेल तर अजून वेळ आहे, एका रविवारी तुम्ही चर्चला गेलात की ते मुलांचं बघता बघता शिकतील.