एक बिल रेकॉर्ड केले की बाकीची आपोआप भरतात का?

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये कॉम्प्युटरवर बसते. आमचा हिशेब मूळ कंपनीच्या सॅप या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये जातो. वजनकाट्याच्या पावत्या आधी एक्सेलमध्ये उतरतात आणि तेच आकडे मी सॅपमधला बिल भरायचा पडदा, एफबी६०, उघडून पुन्हा एकेक बिल करून भरते. दिवाळीनंतर आवक वाढली की रात्र होते. तरी चुकारे लांबतात आणि शेतकरी टेबलासमोर येऊन उभे राहतात. मुख्यालयातले एक साहेब म्हणाले, ‘एक बिल रेकॉर्ड करा, बाकीची सॅपच भरेल.’ खरंच असं होतं का? झालं तर माझी नोकरी राहील का?
– एक वाचक, कळंब तालुका

उत्तर : ताई, होतं, आणि तुम्ही ते करून घ्याच. माझी उमेदीची वर्षं हिंगणघाटकडच्या जिनिंगांच्या हिशेबात गेली. शेतकऱ्याला वेचणीवाल्या बायांची मजुरी आठवडी बाजाराच्या आत द्यावी लागते. तुमच्याकडे बिल दोन दिवस अडलं, की त्याला ती उसनवारीनं भागवावी लागते.

सॅपमध्ये ‘एसएचडीबी’ नावाचा व्यवहार, म्हणजे रेकॉर्डिंग करणारी सोय, आहे. तो सुरू करून तुम्ही नेहमीसारखं एक बिल भरायचं. कोणता पडदा उघडला, कोणत्या रकान्यात काय टाकलं, कोणतं बटण दाबलं, हे सगळं तो ओळीनं टिपून ठेवतो. बिलाची तारीख टाकली, तर ‘बीकेपीएफ-बीएलडीएटी’ या रकान्यासमोर ती लिहिलेली दिसेल. मग मुख्यालयातला प्रोग्रॅमर तिथं तुमच्या एक्सेलमधला तारखेचा कॉलम जोडतो. तसंच नाव, रक्कम आणि पावती क्रमांकाचं. एक गोष्ट आधीच सांगून ठेवते : रेकॉर्ड करताना भरलेलं बिल खरोखर पोस्ट होतं. म्हणून हे काम चाचणीच्या सिस्टिमवरच करा.

दुसरं म्हणजे एफबी६० रेकॉर्ड करायला जाऊ नका. नव्या धाटणीचे ते पडदे रेकॉर्डिंगला नीट दाद देत नाहीत. बिल भरायचाच जुना पडदा, एफ-४३, घ्या. दिसायला ओबडधोबड आहे, पण पडद्यामागून पडदा ठरल्या क्रमानं येतो आणि आपल्याला तेच हवं. शेतकऱ्याचं बिल आणि गाडीवाल्याचं बिल एकाच रेकॉर्डिंगमध्ये कोंबू नका. गाडीवाल्याला टीडीएस लागत असेल तर मध्येच आणखी एक खिडकी उघडते, रेकॉर्डिंगला ती ठाऊक नसते आणि गाडं तिथंच अडतं.

आता एक्सेलकडे या, कारण खरा घोळ तिथं आहे. खाते क्रमांक शून्यानं सुरू होत असेल, तर एक्सेल तो शून्य गिळतं. क्रमांक १५ आकड्यांहून मोठा असेल, तर १५ नंतरचे आकडे शून्य करून टाकतं. कॉलम आधी ‘टेक्स्ट’ करा, मगच क्रमांक टाका. नंतर केलं तर गेलेले आकडे परत येत नाहीत. आयएफएससीतलं पाचवं अक्षर नेहमी शून्य असतं, तिथं इंग्रजी ‘ओ’ पडलेला नाही ना, तेही बघा. हाताने भरताना तुमची नजर पासबुकाच्या झेरॉक्सवर असते, म्हणून अशी चूक तिथल्या तिथे सापडते. रेकॉर्डिंग मात्र फाईलमध्ये जे असेल ते भरत सुटतं.

सॅपमध्ये तारीख आणि दशांश चिन्ह कसं दिसावं, हे प्रत्येक युजरच्या सेटिंगवर असतं. रेकॉर्डिंग एकाच्या लॉगिनवर आणि रोजचं काम दुसऱ्याच्या, असं झालं आणि दोघांची सेटिंग वेगळी निघाली, तर सगळी फाईल अडते. एसयू३ या युजर सेटिंगच्या पडद्यावर जाऊन दोन्ही जुळवून घ्या.

फाईल चढली की एसएम३५ या पडद्यावर तिचं सेशन, म्हणजे भरायच्या बिलांचा गठ्ठा, दिसतं. सुरुवातीला मोजकीच बिलं घ्या आणि प्रत्येक पडदा डोळ्यांसमोर चालवा. सवय झाली की फक्त चूक आली तिथं थांबणारा प्रकार निवडा. पार्श्वभूमीत सोडून घरी जायची घाई या सिझनला नको. मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते ती एकच फाईल दोनदा चढण्याची, कारण मग एका गाडीचे दोन चुकारे निघतात. काट्याच्या पावतीचा क्रमांक बिलाच्या संदर्भाच्या रकान्यात टाकायचाच. तिथं १६ अक्षरं मावतात. शेतकऱ्याच्या मास्टरमध्ये, म्हणजे सॅपमधल्या त्याच्या कायम नोंदीत, दुबार बिल तपासण्याची खूण लावून घ्या, म्हणजे तोच क्रमांक पुन्हा आला की सॅप हटकेल.

नोकरीचं विचाराल, तर मालकाच्या मनाची हमी मी देऊ शकत नाही. पण पावतीवरचं नाव आणि पासबुकावरचं नाव एकाच माणसाचं आहे का, सातबारा बापाच्या नावे आणि खातं मुलाच्या नावे असेल तर पैसे कोणाला द्यायचे, हे कुठलंही रेकॉर्डिंग ठरवत नाही. ते तुम्ही ठरवता. म्हणून मुख्यालयाला पत्र टाकताना दोन्ही गोष्टी एकाच पत्रात मागा : एफ-४३ चं रेकॉर्डिंग, आणि फाईल चढण्याआधी ती तपासून सही करण्याचं काम तुमच्या नावावर. एसएचडीबी वापरायची परवानगी बहुतेक ठिकाणी प्रोग्रॅमरलाच असते, म्हणून रेकॉर्डिंगच्या वेळी तुम्ही त्याच्या शेजारी बसणार, हेही लिहा. कापूस यायच्या आधी, पोळ्याच्या सुमारास पत्र गेलं, तर चाचणीला वेळ मिळेल.