नुसता पासवर्ड बदलून भागत नाही मालक

तुमच्या टॉवेल कारखान्याचं ऑर्डर-डिस्पॅचचं ॲप आरडीएसच्या (ॲमेझॉनच्या एडब्ल्यूएस क्लाउडवरची डेटाबेस सेवा) पोस्टग्रेस डेटाबेसवर आहे, ॲप, अकाउंटंट, बाहेरचा डेव्हलपर सगळे मास्टर युजरनंच, म्हणजे डेटाबेसच्या मुख्य लॉगिननंच, आत जायचे, आता तो डेव्हलपर सोडून गेला, तर पासवर्ड बदलला की झालं का, आणि पासवर्डऐवजी आयएएम टोकन वापरावं का, हे विचारलंय ना. नाही झालं.

पहिलं म्हणजे एडब्ल्यूएस अकाउंट कुणाच्या ईमेलवर उघडलंय ते बघा. आपल्याकडं एमआयडीसीत बऱ्याच ठिकाणी ते डेव्हलपरच्याच जीमेलवर असतंय आणि मालकाला पत्ताच नसतो! रूट लॉगिन, म्हणजे त्या अकाउंटची मुख्य चावी, त्याच्याकडं असेल तर डेटाबेसचा पासवर्ड कितीही बदला, तो परत बदलू शकतो. ईमेल तुमचा, एमएफए (पासवर्डनंतरचा दुसरा कोड) तुमच्या मोबाईलवर, त्याच्या ॲक्सेस की (प्रोग्रॅममधून अकाउंट वापरायच्या चाव्या) बंद.

मग पासवर्ड बदला, पण पोस्टग्रेस पासवर्ड फक्त कनेक्ट होताना बघतो, आधीपासून उघडी असलेली सेशन (जोडण्या) तशीच चालू राहतात, ती पीजी_टर्मिनेट_बॅकएंड या फंक्शननं तोडावी लागतात. युजरची यादी पण काढा, त्यानं अजून एखादा बनवून ठेवलाय का ते कळेल. आणि सिक्युरिटी ग्रुपमध्ये (एडब्ल्यूएसची फायरवॉल) ५४३२ पोर्ट, म्हणजे पोस्टग्रेसचं दार, ०.०.०.०/० ला, म्हणजे सगळ्या इंटरनेटला, उघडा असेल तर आजच बंद करा, त्यात विचार करण्यासारखं काही नाही.

आता खरं काम. हक्क माणसाला देऊ नका, रोलला, म्हणजे हक्कांच्या गटाला, द्या. लॉगिन नसलेला एक वाचायचा रोल, एक लिहायचा, आणि ॲप, अकाउंटंट, नवा डेव्हलपर यांना वेगवेगळे युजर देऊन त्या रोलमध्ये टाका, म्हणजे उद्या कोण गेलं तर तेवढा एकच युजर बंद. इथं सगळे अडकतात ते असं की ग्रँट (हक्क द्यायची कमांड) आज असलेल्या टेबलांनाच लागू होतंय, पुढच्या महिन्यात नवीन टेबल आलं की अकाउंटंटचा फोन, परमिशन डिनाइड. त्याला उपाय ऑल्टर डिफॉल्ट प्रिव्हिलेजेस ही कमांड, ती पुढं येणाऱ्या टेबलांचे हक्क आधीच ठरवते, पण तेही जो युजर टेबल बनवतो त्याच्याच नावानं द्यावं लागतंय, नाहीतर काहीच फरक पडत नाही आणि माणूस डोकं धरून बसतो. पोस्टग्रेस व्हर्जन १४ पासून पीजी_रीड_ऑल_डेटा हा तयार रोल आहे, सोपा आहे, पण त्यानं सगळंच दिसतंय, पगाराची टेबलं असतील तर अकाउंटंटला बिलांपुरता व्ह्यू (निवडक माहितीच दाखवणारं आभासी टेबल) बनवून द्या.

आयएएम टोकनचं (एडब्ल्यूएसकडून पासवर्डऐवजी मिळणारा तात्पुरता कोड) विचारलंत, ते १५ मिनिटंच चालतंय आणि एसएसएल (एन्क्रिप्टेड जोडणी) लागतंय, माणसांसाठी चांगलं, पण तुमच्या दोन-चार युजरना आत्ता त्याची घाई नाही.

पोस्टग्रेसचं व्हर्जन १५ च्या आधीचं असेल तर पब्लिक स्कीमावरचा (टेबलं ठेवायची सगळ्यांची जागा) क्रिएट, म्हणजे नवीन टेबल बनवायचा, हक्क सगळ्यांकडून काढून घ्या, तिथं तो आपोआप मिळालेला असतो. व्हर्जन कळवा, कमांड लिहून देतो.