चार डिसेंबरचा अर्ज, चौदा ऑक्टोबरचा मेसेज

जुळे सोलापुरातल्या एका वडिलांचं पत्र आहे. मुलाने जुलै २०२४ मध्ये पुण्यातल्या एका खासगी कॉलेजात हॉटेल मॅनेजमेंटच्या पदवीला प्रवेश घेतला, १ लाख ४० हजार भरले. किचनमध्ये दिवसदिवस उभं राहणं झेपेना, दसऱ्याला घरी आला तो परत गेलाच नाही. आता फी परत मागितली, तर कॉलेज प्रवेशाच्या फॉर्मवरची 'भरलेली फी परत मिळणार नाही' ही ओळ आणि खालची सही दाखवतं. दिवाळी सरली की अशी पत्रं येऊ लागतात.

त्या सहीची धास्ती सोडा. कॉलेज विद्यापीठाशी संलग्न असेल, तर यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमापुढे फॉर्मवरची ओळ टिकत नाही. (पदवी म्हणून जाहिरात आणि हातात कुठलासा डिप्लोमा, असा प्रकार नाही ना, हे आधी तपासा.) तुमचा घात केलाय तो तारखेने. २०२४-२५ साठी यूजीसीने सांगितलं होतं: ३० सप्टेंबरपर्यंत प्रवेश सोडला तर पूर्ण फी परत, ३१ ऑक्टोबरपर्यंत सोडला तर जास्तीत जास्त हजार रुपये कापून. ३१ ऑक्टोबर म्हणजे नरकचतुर्दशी. आणि तुम्ही अर्ज दिलात ४ डिसेंबरला! 'फोनवर सांगितलं होतं, दिवाळीनंतर रीतसर देऊ म्हटलं' असं लिहिता. फोनवरचं बोलणं कोण सिद्ध करणार? त्या अर्जावर विसंबलात तर हाती शून्य.

पण पत्राच्या शेवटी, जाता जाता, तुम्ही लिहिलंय की १४ ऑक्टोबरला मुलाने ऑफिसातल्या मॅडमना व्हॉट्सॲप केला होता, 'मी कॉलेज सोडतोय, फी कधी मिळेल?' आणि त्यांचं उत्तर आलं, 'सरांना विचारून सांगते.' अहो, हे पहिल्या ओळीत लिहायचं! सगळं प्रकरण या दोन वाक्यांवर उभं आहे. मेसेज म्हणजे लेखी सूचना नव्हे, असं कॉलेज म्हणेल. पण उत्तर दिल्यावर 'कळलंच नाही' म्हणणं त्यांना जड जाईल. तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. प्रकरण कोर्टात गेलं तर नुसत्या स्क्रीनशॉटवर भागत नाही, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं, प्रमाणपत्र जोडावं लागतं.

आता नवा अर्ज करा. त्यात १४ ऑक्टोबर हीच प्रवेश सोडल्याची तारीख लिहा आणि तो कॉलेजच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे स्पीड पोस्टाने पाठवा. समितीला १५ कामकाजाचे दिवस असतात. निर्णय विरुद्ध गेला, तर पुढच्या १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे (विद्यार्थ्यांची अपिलं ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे) अपील. मूळ मार्कशीट आणि दाखला अडवून ठेवलाय, तेही त्यातच मागा. फीचा वाद असला तरी कागद अडवता येत नाहीत.

ग्राहक आयोगाचं विचारलंत. शिक्षणसंस्था त्या कायद्यात बसतात का, यावर निकाल उलटसुलट आहेत, त्यामुळे भरवसा देत नाही. दिवाणी दावा टाकलात तर निकाल लागेपर्यंत मुलगा दुसरी पदवी घेऊन मोकळा होईल.

आणि या वेळी अर्जावर सही मुलाची घ्या. डिसेंबरच्या अर्जावर तुमची आहे. प्रवेश तुम्ही नव्हता घेतला.