ॲपच्या जाहिरातीत ओपन सोर्स लायब्ररीचं नाव द्यावंच लागतं का?

तुम्ही विचारलंय की मोबाइल ॲपमध्ये एमआयटी आणि बीएसडी या ओपन सोर्स परवान्यांखालच्या लायब्ररी (इतरांनी लिहून खुला केलेला तयार कोड) वापरल्यात, तर पोस्टरवर आणि प्ले स्टोअरच्या पानावर त्यांची नावं छापायची का. बहुतेक वेळा नाही. ॲपच्या आत मात्र द्यावीच लागतात, आणि नेमकं तेच राहून जातं.

जाहिरातीची ही धास्ती जुनी आहे. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या मूळ बीएसडी परवान्यात चार कलमं होती. त्यातलं तिसरं असं, की या सॉफ्टवेअरचा उल्लेख करणाऱ्या प्रत्येक जाहिरातीत विद्यापीठाच्या श्रेयाचं ठरावीक वाक्य हवं. एका विद्यापीठापुरतं ते निभावलंही असतं. पण बाकीच्यांनी तोच मजकूर उचलला आणि विद्यापीठाच्या जागी आपापली नावं घातली. मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे प्रणेते रिचर्ड स्टॉलमन यांनी नेटबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या १९९७च्या एका आवृत्तीत अशी ७५ वाक्यं मोजली! पाव पानाच्या जाहिरातीत ती बसवायची कुठे? शिवाय जीपीएल या दुसऱ्या मुक्त सॉफ्टवेअर परवान्याला वरून लादलेली अट चालत नाही, त्यामुळे दोन्हीकडचा कोड एकत्र करून वाटता येईना. अखेर २२ जुलै १९९९ रोजी विद्यापीठाने ते कलम काढून टाकलं.

काढलं ते फक्त स्वतःच्या कोडपुरतं. दुसऱ्या कुणाच्या नावाने ते कलम असेल, तर आजही लागू आहे. ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीच्या परवान्यात ते वर्षानुवर्षं होतं, २०२१मध्ये ३.० आवृत्ती अपाची २.० या वेगळ्या ओपन सोर्स परवान्याखाली आली तेव्हा सुटका झाली. तुमच्याकडे १.१.१ किंवा त्याआधीची आवृत्ती असेल तर परवान्याची फाइल उघडून बघा.

जाहिरातीचं कलम काढल्यावर उरलेल्या तीन कलमी बीएसडीत तर उलटंच आहे. लेखकांचं नाव वापरून, त्यांच्या परवानगीशिवाय, स्वतःच्या उत्पादनाची भलामण करायची नाही. म्हणजे पोस्टरवर ‘अमुक टीमची पसंती’ असं काही छापू नका.

आता ॲपच्या आतलं. सेटिंग्जमध्ये ‘ओपन सोर्स परवाने’ असा एक स्क्रीन ठेवा आणि प्रत्येक लायब्ररीची कॉपीराइटची ओळ व परवान्याचा पूर्ण मजकूर तिथे द्या. ‘आम्ही ओपन सोर्स वापरतो, सर्वांचे आभार’ एवढ्याने भागत नाही. अपाचीवाल्या लायब्ररीसोबत नोटीस नावाची फाइल असेल, तर तिच्यातले श्रेयाचे उल्लेखही घ्या. जावास्क्रिप्ट असेल तर बिल्ड (कोडपासून अंतिम फाइल बनवणं) झाल्यावर तयार फाइल उघडून तपासा : मिनिफाय करताना, म्हणजे फाइल लहान करताना, कोडमधल्या कॉमेंट उडतात आणि त्यांच्याबरोबर लेखकाचं नावही. उद्गारचिन्हाने सुरू होणाऱ्या कॉमेंट बरीच टूल्स राखतात, पण बिल्डचं सेटिंग बघूनच खात्री करा. कुणीतरी रात्री जागून लिहिलेलं आपण फुकट वापरतो. त्या बदल्यात मागितलेली ही एक ओळ गाळणं मला अजिबात पटत नाही.

कोड नुसता तुमच्या सर्व्हरवर चालत असेल, कुणाला प्रत जात नसेल, तर एमआयटी-बीएसडीची ही अट लागू होत नाही. सीपीएएल या आणखी एका ओपन सोर्स परवान्याचं तसं नाही. तिथे सर्व्हरवरून सेवा दिली तरी ते वाटपच धरतात, आणि मूळ लेखकाने श्रेयाचा मजकूर किंवा लोगो ठरवून दिला असेल तर तो वापरणाऱ्याला स्क्रीनवर ठळक दिसावा लागतो. असं एखादं पॅकेज तुमच्या यादीत असेल तर डिझायनरला आधीच सांगा.