वाचकांचे प्रश्न : परसातली आगगाडी आणि गोव्याचा मीटरगेज

प्रश्न : माझे काका बोटीवर नोकरीला होते. सत्तरच्या दशकात त्यांनी जर्मनीहून एक मोठी खेळण्यातली आगगाडी आणली होती. रजेवर घरी आले की ते ती परसात मांडून चालवीत आणि वाड्यावरची सगळी मुले पाहायला जमत. इंजिन, डबे, पितळी रूळ आणि ट्रान्सफॉर्मर आजही माळ्यावर आहेत आणि खोक्यांवर 'एलजीबी' अशी अक्षरे आहेत. ही गाडी पुन्हा चालेल का? आणि तिच्यावर आमच्या जुन्या घाटातल्या गाडीचा देखावा उभा करता येईल का?
— एक वाचक, चांदर

उत्तर : प्रथम रुळांच्या आतल्या कडांमधले अंतर मोजून पाहावे. ते ४५ मिलिमीटर भरले, तर आपल्या काकांनी आणलेली गाडी उघड्यावर चालवण्यासाठीच बनवलेली आहे, असे खुशाल समजावे. न्यूरेंबर्गच्या लेमान कंपनीने ही 'एलजीबी' (म्हणजे 'लेमानची मोठी गाडी') मालिका १९६८ मध्ये बाजारात आणली. तिचे प्रमाण १:२२.५ असे आहे. आता ४५ मिलिमीटरला २२.५ ने गुणले की उत्तर येते १०१२.५ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ एक मीटर. याचा अर्थ असा की, ही गाडी मुळातच मीटरगेज रेल्वेची प्रतिकृती म्हणून आखलेली आहे, आणि १८८८ मध्ये घाटमाथ्यावरच्या कॅसल रॉकपर्यंत पोहोचलेला, गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात अधिक रुंद रुळांचा ब्रॉडगेज होईपर्यंत धावलेला आपला मुरगाव मार्गही मीटरगेजच होता. गोव्याच्या जुन्या रेल्वेसाठी याहून योग्य प्रमाण सापडणे कठीण, आणि ते आपल्या माळ्यावर इतकी वर्षे पडून आहे याचा मला मनापासून आनंद झाला.

गाडी चालण्याची शक्यता चांगली आहे, मात्र जुना ट्रान्सफॉर्मर तसाच प्लगमध्ये खुपसू नये. इतक्या वर्षांत आतल्या तारांचे आवरण ठिसूळ झालेले असते. जाणकार इलेक्ट्रिशियनला तो दाखवावा किंवा सरळ नवा घ्यावा, आणि तो घरातच ठेवून परसात फक्त रुळांना लागणारा कमी दाबाचा डीसी प्रवाह न्यावा. इंजिनाच्या दातेरी चाकांमधले वंगण सुकून चिकट झालेले असेल. ते काढून नवे हलके वंगण लावल्याशिवाय मोटर फिरवण्याचा आग्रह धरू नये, कारण अडकलेली मोटर जळते. रुळांवरचा काळा थर खरखरीत पॉलिशपेपरने घासला, तर पितळावर चरे पडतात आणि त्यांत मळ लवकर साचतो, म्हणून अगदी बारीक दाण्याचा खोडरबरासारखा ठोकळा वापरावा.

रूळ कुठे मांडायचे, याचा निर्णय आपल्या पावसाने घ्यायचा आहे. जमिनीलगत मांडलेल्या रुळांवर पहिल्या सरीतच तांबड्या मातीचे शिंतोडे उडतात आणि गाडी जागोजागी अडखळते. त्यापेक्षा चिऱ्यांची एक ओळ रचून किंवा परसाचा गडगा सपाट करून त्यावर बारीक खडी पसरावी आणि रूळ त्या खडीत बसवावेत, म्हणजे पाणी खालून निघून जाईल. दहा मीटर पितळी रूळ तापमान ३० अंशांनी वाढल्यास सुमारे सहा मिलिमीटरने लांबतो, तेव्हा सांध्यांत बारीक फट ठेवावी आणि रूळ सिमेंटमध्ये कधीही पक्के करू नयेत. माडाखाली मार्ग नेऊ नये, हे तर आपल्याला सांगायलाच नको; पडलेला एक नारळ डबा चेपून टाकील. पावसाळ्यात रूळ बाहेर राहिले तरी चालतात, इंजिन आणि डबे मात्र घरात न्यावेत.

घाटाच्या देखाव्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. घाटाच्या पायथ्याचे कुळे ते माथ्यावरचे कॅसल रॉक हे अंतर सुमारे २६ किलोमीटर आहे, म्हणजे १:२२.५ प्रमाणातही ते एक किलोमीटरहून अधिक भरेल, त्यामुळे सगळा घाट परसात बसवण्याचा विचार सोडून द्यावा. दूधसागरच्या पुलाचा एक तुकडा निवडावा आणि तो मन लावून करावा. घाटाचा चढ साधारण ३७ ला १ असा आहे, म्हणजे दहा मीटर मार्गावर सुमारे २७ सेंटिमीटर उंची. हा चढ आपले इंजिन दोन-तीन डब्यांसह चढू शकते, म्हणून तो कमी न करता तसाच ठेवावा, कारण घाटाचा खरा स्वभाव त्या चढातच आहे. वळणे मात्र शक्य तितकी मोठी घ्यावीत. खोक्यातले सर्वांत लहान वळण ६० सेंटिमीटर त्रिज्येचे असते. मीटरगेजचा भारतीय प्रवासी डबा या प्रमाणात पाऊण मीटरहून लांब होतो, आणि असा लांब डबा त्या वळणावर अडतो. काकांचे जर्मन डबे आखूड असतील. ते रंगवून भारतीय करण्याचा मोह टाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे. ते जसे आहेत तसे राहू द्यावेत आणि गोव्याचे डबे पत्र्याचे किंवा लाकडाचे निराळे करून घ्यावेत. काकांच्या त्या जर्मन गाडीतही आपल्या घराची आठवण आहे.

प्रश्न : आमच्या गावात मीटरगेजच्या काळात रेल्वेत काम केलेले दोन-तीन वृद्ध गृहस्थ आहेत. त्यांच्या आठवणी लिहून घ्याव्यात असे वाटते, पण बोलायला बसले की "तेव्हा मजा होती" यापुढे गाडी सरकत नाही. काय विचारावे?
— एक वाचक, कुळे

उत्तर : कामाविषयी विचारावे. घाट चढताना गाडीला मागून इंजिन कुठे जोडत आणि कुठे सोडत? इंजिनात पाणी कोणत्या स्टेशनात भरत? एकेरी मार्गावर पुढे जाण्याची परवानगी म्हणून ड्रायव्हरच्या हाती काय देत, आणि रात्री पावसात ते कसे देत? सोनावळी, दूधसागर आणि करंझोळ या स्टेशनांवर राहणाऱ्या माणसांचा बाजार कोण आणीत असे? अशा प्रश्नांना माणसे हाताने हवेत दाखवत उत्तरे देतात. त्याच वेळी त्यांच्यापुढे कागद ठेवून कुळ्याचे यार्ड रेखाटायला सांगावे. असे एक रेखाटन पुढे परसात मॉडेल बांधणाऱ्याला फार उपयोगी पडते.

पोर्तुगीज अमलात कुळे हे जकातीचे ठाणे होते आणि सीमेपलीकडची तपासणी कॅसल रॉकला होत असे. १९५५ मध्ये सीमेपलीकडची वाहतूक बंद पडली आणि १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला. हे टप्पे मनात ठेवून, तेव्हा घरात काय अडले, कोण कुठे अडकून पडले, असे विचारले की मजेच्या पलीकडचे पुष्कळ बाहेर येते. बोलणे कोकणीत झाले तर ते कोकणीतच नोंदवावे, आणि आवाज ध्वनिमुद्रित करण्यापूर्वी त्यांची परवानगी घ्यावी.

प्रश्न : मी जुनी पुठ्ठ्याची तिकिटे जमवतो. एक भंगारवाला रेल्वेचा कंदील आणि पितळी कुलूप देऊ करतो आहे. घ्यावे का?
— एक वाचक, वास्को

उत्तर : लिलावाचा कागद दाखवल्याशिवाय घेऊ नये. रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगण्याविरुद्ध १९६६ चा कायदा आहे, आणि वस्तू चोरीची असल्याचा वाजवी संशय आला, तर ती कायदेशीरपणे मिळाल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी जवळ बाळगणाऱ्यावर येते. रेल्वे भंगार लिलावाने विकते, तेव्हा पहिल्या खरेदीदाराच्या पावतीची प्रत मागण्यात संकोच वाटू देऊ नये. तिकिटांना आपल्या दमट हवेचा धोका अधिक आहे. ती लॅमिनेट करू नयेत आणि चिकटवहीत डकवू नयेत. आम्लमुक्त कागदाच्या पाकिटात, सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावीत आणि पावसाळ्यात त्या पुड्या अधूनमधून बदलाव्यात. हुबळीचे रेल्वे संग्रहालय २०२० मध्ये सुरू झाले आहे. कधी तिकडे जाणे झाले, तर आपल्याकडच्या तिकिटांची यादी बरोबर न्यावी.